छोटं इंजिन, मोठी धग

फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यातून २०१३ मध्ये एकाच सांगाड्याच्या दोन पेट्रोल पोलो बाहेर पडत होत्या. दोघींचं इंजिन १२०० सीसीच्या आसपासचं. साध्या पोलोचं तीन सिलिंडरचं इंजिन ७५ पीएस ताकद आणि ११० न्यूटन-मीटर टॉर्क देई. जीटी टीएसआय या पोलोचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर देई. म्हणजे जवळजवळ त्याच आकाराच्या इंजिनातून ताकद ४० टक्के जास्त, आणि गाडी पुढे ओढणारा टॉर्क तर साठ टक्क्यांच्या घरात जास्त. हा जास्तीचा जोर येतो कुठून आणि त्याची किंमत गाडीचा कोणता भाग मोजतो, एवढं कळलं की अशा गाडीच्या देखभालीतली निम्मी कोडी आपोआप सुटतात.

रोजच्या वापराची छोटी गाडी घ्यायची आणि तिच्यात अंगापेक्षा मोठं बळ भरायचं, या कल्पनेला जगभर ‘हॉट हॅच’ म्हणतात. तिला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयने. १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती दाखवली गेली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. १.६ लिटर इंजिन, ११० पीएस ताकद आणि जेमतेम आठशे किलोंच्या घरातलं वजन. कंपनीला वाटलं होतं, पाच हजार खपल्या तरी पुष्कळ झालं. प्रत्यक्षात पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या.

आपल्याकडे या जातीच्या दोन ठळक गाड्या पुणे जिल्ह्यातच बनल्या. एक चाकणची पोलो जीटी टीएसआय. दुसरी रांजणगावची अबार्थ पुंटो. ती २०१५ मध्ये आली, १.४ लिटर टर्बो इंजिन आणि १४५ पीएस घेऊन. पुढे ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन आणि टाटांची अल्ट्रोझ रेसर आली. पोलोचं १.२ टीएसआय इंजिन २०२० मध्ये बंद झालं, त्याची जागा १.० लिटर टीएसआयने घेतली आणि २०२२ मध्ये पोलोच बंद झाली. रस्त्यावरच्या सगळ्या जीटी टीएसआय आता जुन्या होत चालल्या आहेत, बऱ्याच दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत. त्यामुळे ही गाडी सांभाळायची कशी, हा प्रश्न आज जास्त महत्त्वाचा झाला आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल. अशा गाडीची देखभाल म्हणजे मुख्यतः उष्णतेचा बंदोबस्त. ऑइल, कूलंट, क्लच, कॉइल, ब्रेक हे सगळे सुटे सुटे विषय वाटतात, पण प्रत्येकाच्या मुळाशी प्रश्न तोच असतो: धग कुठे तयार होते आणि ती बाहेर जाते का?

धग येते कुठून

पेट्रोल इंजिनात जळलेल्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. उरलेली उष्णता होऊन सायलेन्सरवाटे आणि रेडिएटरवाटे निघून जाते. टर्बो या वाया जाणाऱ्या वाटेवर बसतो. बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं, म्हणून जोर जास्त. आणि त्याच हिशेबाने उष्णताही जास्त.

पूर्ण रेस दिलेली असताना पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगाला तो धातूवर धातू घासत फिरत नाही. ऑइलच्या पातळ थरावर तो तरंगत असतो. ऑइलच त्याला आधार देतं आणि ऑइलच त्याची धग वाहून नेतं. टर्बोचं आयुष्य ऑइलवर ठरतं, ते यामुळे.

हवा दाबली की तीही तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून दाबलेल्या हवेला थंड करायला इंटरकूलर असतो. एप्रिल-मेच्या दुपारी, एसी लावून, चार माणसं घेऊन खंबाटकी घाट चढताना हीच गाडी डिसेंबरच्या पहाटेइतकी हलकी वाटत नाही, याचं कारण बहुतेक वेळा बिघाड नसून तापमान असतं. हा फरक ओळखता येणं ही मालकाची पहिली पायरी.

ऑइल: हिशेबातली सर्वांत स्वस्त बाब

पोलोच्या सर्व्हिसचं अंतर कंपनीने १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असं ठेवलं होतं. मोकळ्या महामार्गावर चालणाऱ्या गाडीला हे चालून जातं. पण हिंजवडीच्या रांगेत किंवा पश्चिम द्रुतगती महामार्गावर रोज तास-दीड तास रखडणाऱ्या गाडीचं इंजिन किलोमीटर न वाढवता तासन्‌तास चालत असतं. मीटरवर १०,००० दिसतात, पण ऑइलने त्याहून कितीतरी जास्त काम केलेलं असतं. शहरात फिरणाऱ्या टर्बो गाडीचं ऑइल आणि ऑइल फिल्टर साडेसात ते दहा हजारांत बदलणं हा सगळ्यांत शहाणपणाचा खर्च. एका टर्बोच्या किमतीत असे ऑइल बदल कित्येक वर्षं होतात.

ऑइल घेताना नुसता ‘५डब्ल्यू-४०’ हा आकडा पुरत नाही. तो फक्त दाटपणा सांगतो. गाडीच्या पुस्तिकेत फोक्सवॅगनचा स्वतःचा मानक क्रमांक दिलेला असतो, उदाहरणार्थ ५०२ ००. डब्याच्या मागच्या बाजूला तो क्रमांक छापलेला हवा. त्या मानकाचं ऑइल जास्त तापमानात लवकर विघटित किंवा जळून चिकट होत नाही, याची चाचणी झालेली असते. नकली ऑइलचा बाजार मोठा आहे, तेव्हा खात्रीच्या दुकानातून सीलबंद डबा घ्यावा आणि रिकामा डबा नजरेसमोर मोडावा.

टर्बो इंजिन थोडं ऑइल खातं. फोक्सवॅगनच्या पुस्तिका हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप मान्य करतात, पण निरोगी इंजिन याच्या आसपासही जात नाही. महिन्यातून एकदा, सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी आणि नोंद ठेवावी. किती लागलं यापेक्षा, आधीपेक्षा वाढलं का, हे जास्त बोलकं असतं. ऑइलचा लाल दिवा पातळी कमी झाल्याची आठवण करून द्यायला नसतो. तो दाब गेल्याचं सांगतो. तो लागला की पुढचा पेट्रोल पंप गाठायचा विचार करू नये, सुरक्षित कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावं.

गाडी चालवण्याच्या दोन सवयी ऑइलशीच जोडलेल्या आहेत. सकाळी सुरू केल्यावर उभी ठेवून इंजिन तापवत बसायची गरज नाही, पण पहिली काही किलोमीटर हलक्या पायाने चालवावी. रेडिएटरचं पाणी लवकर तापतं, ऑइलला जास्त वेळ लागतो. आणि घाट जोरात चढून माथ्यावर चहाला थांबताना लगेच चावी फिरवू नये. शेवटचे एक-दोन किलोमीटर निवांत चालवले किंवा मिनिटभर इंजिन चालू ठेवलं तर टर्बोमधलं ऑइल फिरत राहतं. एकदम बंद केलं तर तेच ऑइल तापलेल्या घरात जागच्या जागी करपतं आणि त्याचा कोळसा बारीक नळ्यांमध्ये साचतो.

कूलंट आणि पंखा

कूलंटच्या डबीत कमी दिसलं की नळाचं पाणी ओतायची जुनी सवय इथे महागात पडते. नळाच्या पाण्यातले क्षार बारीक वाटांमध्ये बसतात आणि कूलंटमधली गंजरोधक रसायनं पातळ होतात. पुस्तिकेतलंच कूलंट, शुद्ध पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून वापरावं. वेगवेगळ्या रंगांची कूलंट एकत्र करू नयेत.

कूलंट बंद चक्रात फिरतं. ते पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर ते कुठेतरी जातं आहे. वय झालेल्या गाड्यांत पाण्याचा पंप, थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर आणि पाइपांचे सांधे इथून बारीक पाझर होतो. इंजिन गरम असल्यामुळे थेंब खाली पडण्याआधीच वाळतो आणि मागे फक्त रंगीत किंवा पांढुरका डाग उरतो. तो डाग शोधावा.

पंखा बिघडत चालल्याची पहिली खबर तापमानाचा काटा देत नाही, एसी देतो. सिग्नलला उभं राहिल्यावर एसीची हवा कोमट होते आणि गाडी पळू लागली की पुन्हा गार होते, असं सुरू झालं तर एसीचा गॅस भरण्याआधी पंखा दोन्ही वेगांवर चालतो का ते तपासावं. वेळेवर कळलं तर काम पंख्याच्या दुरुस्तीवर भागतं. नाही कळलं तर हेड गॅस्केटपर्यंत जातं. आणि इंजिन तापलेलं असताना कूलंटचं झाकण कधीही उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच उकळत्या फवाऱ्याने हात-चेहरा भाजतो.

डीएसजी: कोरड्या क्लचची गोष्ट

१.२ जीटी टीएसआयमधला सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी म्हणजे एकाच डब्यात बसवलेले दोन गिअरबॉक्स. एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. गाडी दुसऱ्यात असताना तिसरा आधीच तयार असतो, म्हणून गिअर बदलताना जोर तुटत नाही. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मेकॅट्रॉनिक नावाचा भाग करतो. त्यात संगणक, विजेवर चालणारा पंप आणि ऑइलच्या दाबाने हलणारे झडपांचे संच एकत्र असतात.

यातले दोन्ही क्लच कोरडे आहेत, म्हणजे ऑइलमध्ये बुडवलेले नाहीत. त्याने इंधन वाचतं, पण क्लच घासला की झालेली उष्णता न्यायला सभोवतालच्या हवेशिवाय कोणी नाही. आणि ऑटोमॅटिक असला तरी तो शेवटी क्लचच आहे. गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत असते तेव्हा संगणक हाफ क्लचवर गाडी धरून असतो. मॅन्युअल गाडीत असं कोणी केलं तर पाच मिनिटांत जळका वास येतो आणि चालवणारा सावध होतो. इथे पाय मोकळा असल्याने ते जाणवत नाही.

उष्ण आणि दमट हवामानात या गिअरबॉक्सची परीक्षा कशी होते, हे जगाने पाहिलं आहे. २०१३ मध्ये चीनमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलावण्यात आल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल ऑइल भरून देण्याची मोहीम जाहीर केली. उष्ण-दमट हवेत सतत थांबत-चालत जाणाऱ्या गाड्यांमध्ये त्या सिंथेटिक ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकतो, हे त्याचं कारण होतं. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीचं हवामान नेमकं तसंच.

मग चालवायचं कसं? रांगेत पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकण्याऐवजी थोडी जागा होऊ द्यावी, मग ब्रेक पूर्ण सोडून क्लच पुरता जुळेपर्यंत गाडी जाऊ द्यावी आणि पुन्हा नीट थांबावं. थांबताना ब्रेक घट्ट दाबावा, तेव्हाच क्लच पूर्ण सुटतो. अर्धवट दाबला तर गाडी उभी आणि क्लच घासत, अशी अवस्था राहते. रखडत्या वाहतुकीत लिव्हर मॅन्युअलकडे नेऊन पहिला गिअर धरून ठेवला तर एक-दोन-एक अशी सततची अदलाबदल टळते. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरणं हा या क्लचचा सर्वांत मोठा शत्रू. तिथे ब्रेक किंवा हँडब्रेकच हवा.

पहिल्यातून दुसऱ्यात जाताना किंवा चढावर रिव्हर्स घेताना गाडी थरथरू लागली तर तो क्लचचा इशारा असतो. सुरुवातीला सॉफ्टवेअर अद्ययावत करून आणि बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवरून क्लचची बेसिक सेटिंग पुन्हा करून बरंच सुधारतं. तरीही थरथर राहिली तर क्लचचा संच बदलावा लागतो. गिअरचे अंक डॅशबोर्डवर लुकलुकायला लागले आणि अर्धेच गिअर पडत असतील, तर मेकॅट्रॉनिककडे संशयाने पाहावं. स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड आला असेल तर बहुधा दाब साठवणाऱ्या भागाचं घर तडकून ऑइल गळलेलं असतं. अख्खा मेकॅट्रॉनिक न बदलता तेवढाच भाग बदलून देणारा जाणकार आता पुण्या-मुंबईत मिळतो. म्हणून ‘गिअरबॉक्स गेला’ हे वाक्य ऐकून खचण्याआधी कोड लिहून घ्यावा आणि दुसरं मत घ्यावं.

पेट्रोल आणि काजळी

टर्बो इंजिनात मिश्रण जास्त दाबाखाली आणि जास्त गरम असतं, त्यामुळे ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटण्याचा धोका असतो. त्याला नॉकिंग म्हणतात. इंजिनावरचा सेन्सर ते ऐकतो आणि संगणक ठिणगीची वेळ मागे ओढतो. इंजिन वाचतं, पण जोर कमी होतो. ऑक्टेन जास्त असलेलं पेट्रोल हा धोका कमी करतं. साध्या गाडीत प्रीमियम पेट्रोलने फारसा फरक पडत नाही. टर्बो गाडीत, विशेषतः उन्हाळ्यात आणि घाटात, तो जाणवू शकतो.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो, पण त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणून अशा मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी आणि ॲव्हरेजही थोडं कमी. ते हवेतली ओल शोषतं आणि जुन्या रबरावर परिणाम करू शकतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर पाइप त्याच दिवशी तपासून घ्यावेत.

टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्याचा एक तोटा असा की हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत. इंजिनातून परत येणारी ऑइलची वाफ त्यांच्या पाठीवर बसते आणि हळूहळू काजळीचा थर होतो. पेट्रोलमध्ये टाकायची कोणतीही बाटली तिथवर पोहोचत नाही. सकाळी सुरू करताना इंजिन डगमगणं आणि जोर उतरत जाणं ही त्याची लक्षणं. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या झोताने मारून हे व्हॉल्व्ह साफ करतात. टरफल काजळी सोलून काढतं, पण धातूला ओरखडा काढत नाही.

ब्रेक, टायर, पावसाळा

ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल शोषलेल्याचा १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. आंबोली किंवा वरंध घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर हा फरक जिवावर बेततो. पेडल स्पंजासारखं आत जातं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावं आणि घाट उतरताना डीएसजीतही मॅन्युअलमध्ये खालचा गिअर घ्यावा.

टायरच्या अंगावरचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर कडक होतं, आणि जोरकस गाडीला ओल्या रस्त्यावर त्याची झळ आधी बसते. हवा टायर थंड असतानाच भरावी.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, त्याआधी पिस्टनचा दांडा वाकतो. आणि पावसाळ्यात उबेसाठी बोनेटखाली येणारे उंदीर वायरिंग कुरतडतात. आज अचानक चार असंबद्ध दिवे लागले तर सेन्सर बदलण्याआधी वायरी तपासाव्यात.

बिघाड शोधायची रीत

बिघाड शोधताना पहिला नियम: बॅटरी आधी. अशा गाडीत डझनभर छोटे संगणक असतात आणि व्होल्टेज घसरलं की ते खोट्या तक्रारी करू लागतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या निरोगी बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास दिसायला हवेत.

दुसरा नियम: कोड पुसण्याआधी लिहून घ्यावा. कोड दोषी भागाचं नाव सांगत नाही, कुठे शोधायचं ती दिशा सांगतो. तिसरा नियम: स्वस्त शक्यतेपासून महाग शक्यतेकडे जावं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

पिकअप अचानक गेला, गाडी जड झाली आणि पी०२९९ आला, तर अर्थ एवढाच की अपेक्षेइतका हवेचा दाब तयार होत नाही. कारणं क्रमाने पाहावीत: एअर फिल्टर, सुटलेली क्लॅम्प किंवा चिरलेला हवेचा पाइप, टर्बोवरचा जादा दाब सोडणाऱ्या वेस्टगेटचा अडकलेला दांडा, त्याला हलवणारा ॲक्चुएटर. टर्बो सर्वांत शेवटी. रेस दिल्यावर बोनेटखालून नवा फुसफुस आवाज येत असेल तर संशय पाइपावर घ्यावा.

इंजिन मिसिंग करत असेल तर पी०३०० च्या पुढचा आकडा सिलिंडर सांगतो. पी०३०२ म्हणजे दुसरा. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर त्याची कॉइल तिसऱ्या सिलिंडरवर लावावी. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब, आणि पी०३०२ च राहिला तर प्लग, मग इंजेक्टर पाहावा. इतकी सोपी परीक्षा न करता चारही कॉइल बदलणं म्हणजे पैसे फुकट घालवणं. इंजिनाचा दिवा नुसता न लागता लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो वितळतो.

झटके इंजिनाचे की गिअरबॉक्सचे, हेही ओळखता येतं. ठरावीक गिअर बदलतानाच झटका बसतो तर गिअरबॉक्स. कोणत्याही गिअरमध्ये, चढावर जोर मागितला की बसतो, तर बहुधा इंजिन मिसिंग.

धूरही बोलतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतं आहे. थंडीत सुरुवातीला येणारी पांढरी वाफ स्वाभाविक आहे, पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोडसर वास आला तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतं आहे.

घेताना काय पाहावं

जुनी जीटी घेताना विकणाऱ्याला आधीच सांगावं की गाडी आम्ही आल्यावरच सुरू करायची. बोनेटला हात लावून ते खरंच थंड आहे ना, हे पाहावं. थंड इंजिन सुरू होताना साखळीचा खुळखुळाट, डगमग, धूर हे सगळं पहिल्या मिनिटात कळतं. मग सपाटीवर वीस मिनिटं, पुन्हा रखडत्या रस्त्यावर, आणि शेवटी चढावर रिव्हर्स. गिअरबॉक्स गरम झाल्यावरच त्याची लक्षणं दिसतात.

गाडीच्या किलोमीटरपेक्षा ऑइलच्या पावत्या पाहाव्यात. एक लाख चाललेली, पण वर्षातून दोनदा ऑइल बदललेली गाडी ही तीस हजार चाललेल्या आणि दोन वर्षं ऑइल न पाहिलेल्या गाडीपेक्षा चांगली. सर्व्हिस सेंटरमधून नोंदी तपासाव्यात, स्कॅन करून घ्यावा. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का ते पाहावं आणि फॉर्म २९ व ३० भरून नावावर करून घेण्याचं काम लांबणीवर टाकू नये. पहिल्याच महिन्यात ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल, प्लग बदलण्याइतके पैसे किमतीतून बाजूला ठेवावेत. पुण्यात नाना पेठेत जे भाग मिळतात, त्यांत कंपनीला पुरवठा करणाऱ्याच उत्पादकांचे भाग असतात, पण तसाच डबा घालून येणारी नक्कलही असते. म्हणून कॉइल आणि प्लग खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावेत.

आणखी ताकद हवी असेल तर

संगणकातली मांडणी बदलून टर्बोचा दाब वाढवता येतो, आणि अशा गाडीच्या मालकाला हा मोह होतोच. त्याचा विचार याच हिशेबाने करावा. हा डीएसजी जास्तीत जास्त २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बनवलेला आहे. कंपनीच्या १७५ आणि या २५० मधली जागा ही तुमची ताकद नसून क्लचच्या आयुष्याची राखीव शिल्लक आहे. टॉर्क वाढला की टर्बो, कॉइल आणि क्लच तिघांची धग एकदम वाढते, पण त्यांची उष्णता सोसायची मर्यादा तेवढीच राहते. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेपासून वेगळा बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. विम्याचा दावा करताना असा लपवलेला बदल अडचणीत आणतो.

त्याच पैशात चांगले टायर, ताजं ब्रेक ऑइल, नवी शॉक ॲब्सॉर्बरची जोडी आणि स्वच्छ व्हॉल्व्ह येतात. त्यांनी गाडी घाटात जास्त विश्वासाने वळते आणि थांबते. ताकद तर तिच्यात आधीपासून आहे. वही करावी, तारीख आणि किलोमीटर लिहावेत, ऑइल किती घातलं, कोणता कोड आला, कोणता भाग बदलला हे लिहावं. या गाड्या आता नव्याने बनत नाहीत. ज्या आहेत त्यांतली कोणती पंधरा वर्षं उत्तम चालेल आणि कोणती भंगारात जाईल, हे चाकणला ठरून झालेलं नाही. ते मालकाच्या पायावर आणि त्या वहीवर ठरणार आहे.